पेणहून झाकून नेलेला पाट

नागरिकशास्त्राच्या शिक्षकांचा कुणी सत्कार करतं यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. गणिताच्या सरांना शिकवण्या मिळतात, इंग्रजीच्या बाईंना मान मिळतो. आम्हाला फार तर निवडणुकीची ड्युटी. पण रोह्याच्या एका मंडळानं उत्कृष्ट शिक्षिका म्हणून मला आणि उत्कृष्ट विद्यार्थिनी म्हणून माझ्या नववीतल्या एका मुलीला बोलावलं.

मुलगी पेणजवळच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या खारवट पट्ट्यातली. खाडीच्या बांधाला खांड पडली, त्या भगदाडातून भरतीचं पाणी शेतात शिरलं आणि भात गेलं. बाप कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायला लागला. होळीपर्यंत खांड बुजली नाही तर जमीन विकायची, असं त्यानं घरात जाहीर केलं होतं. दलाल तर दारात चहा प्यायला रोज हजर. पोरीनं यावरच प्रकल्प केला, लाकडी पाटावर मातीचा देखावा: धरमतरची खाडी, बांध, खांड आणि मागची शेतं. शाडूची माती हमरापूरच्या मावशीच्या गणपतीच्या कारखान्यातली, पाटही तिथलाच, आणि वर झाकायला लाल कापड. बांधांचं काम प्रमुख पाहुण्यांच्या हातात आहे, असं मीच तिला सांगितलं होतं. खांड कधी बुजवणार, एवढंच तिला त्यांना विचारायचं होतं. सत्काराचं तिला काडीचं कौतुक नव्हतं.

पेणला रामवाडीच्या स्टँडवर एसटीत चढलो. कंडक्टरनं पाट बघितला, कापड बघितलं आणि एका धट्ट्याकट्ट्या माणसाला उठवलं. "उठा हो, बाप्पा आलेत." माघी गणपती जवळ आलेले, पेणहून झाकून दुसरं काय निघणार? मी तोंड उघडणार होते, पण बसायला जागा मिळत असताना खरं बोलायची माझी पद्धत नाही.

रोह्यात तोच प्रकार. कार्यकर्त्यांनी आमच्या हातातून पाट घेतला आणि थेट व्यासपीठावर मधोमध नेऊन ठेवला. समई आली, हार आला, नारळ आला. कार्यक्रमपत्रिकेत मात्र विद्यार्थ्यांना बोलायला वेळच नव्हता. शाल घ्या, श्रीफळ घ्या, फोटो काढा, उतरा. मुलीचा चेहरा पडला.

"बाई, मला बोलूच देनार नाय?"

मंडळाचा मला भयंकर राग आला.

प्रमुख पाहुणे, म्हणजे साहेब, आले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, नारळ फोडला, आणि कुणीतरी भक्तिभावानं कापड ओढलं. खाली बाप्पा नव्हते, खाडी होती. साहेब फुटका नारळ हातात घेऊन तसेच थबकले आणि नारळाचं पाणी खाडीत सांडलं. खांडीतून ते आत शिरलं आणि हिरव्या रंगाच्या शेतांचा बघता बघता चिखल झाला.

पोरगी उठली, पायऱ्या चढून पाटापाशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, असंच आलं आमच्याकडं."

साहेब मुरलेले. त्यांनी माइक घेतला. "वा, फार छान मॉडेल! मग बाळा, यावर उपाय काय?"

"तेच इचारायला आलेय. खांड कधी बुजवनार?"

"होईल, लवकरच होईल."

"होळीच्या आधी का नंतर?"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. दुसरी माझी होती.

"आधी," साहेब म्हणाले.

पोरीनं माइक आपल्याकडे वळवला. "खांड होळीच्या आधी बुजवनार, असं साहेब बोलले!" टाळ्या एवढ्या पडल्या की साहेबांनाही वाजवाव्या लागल्या. नागरिकशास्त्र आपण भिंतीला शिकवतो, अशी माझी खात्री झाली होती. त्या दिवशी मला सगळ्यांसमोर रडू आलं आणि सत्काराची शाल डोळे पुसायला कामी आली.

होळीच्या आधीच माती टाकायला मशीन आलं, खांड बुजली. होळी झाल्यावर मुलीचा बाप शाळेत आला, रात्रपाळीवरून थेट, कंपनीच्या कपड्यांत. मला वाटलं, पेढे आणलेत.

"बाई, काय शिकवताव पोरीला?" तो वैतागलेला होता. "काल दलाल आल्ता. जमीन नाय इकायची, म्हून त्याला परत धाडला. पोरीला सांगितलं, तर म्हनते, बाबा, तोंडी नको. सातबाऱ्यावर आयचं पन नाव घाला, मंजे एकट्याला इकता येनार नाय."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला, "तलाठ्याकडंच चाललोय."