पत्र्यावर कोरलेलं नाव
कंपासपेटीतलं गंजकं कर्कटक हाती आलं, की मला अंबडच्या बसस्टँडमागचं व्हिडिओ गेमचं पत्र्याचं दुकान आठवतं. शाळा सुटल्यावर अंकुशनगरची बस येईपर्यंत मी तिथे खेळायची. आत तापलेल्या मशीनचा आणि घामाचा वास कोंडलेला असायचा. लाइट गेली की मशीनमधले आकडे पुसले जायचे, म्हणून दुकानवाले काका रोज पहिल्या आलेल्याचं नाव खडूने पत्र्याच्या भिंतीवर लिहायचे. त्या दिवशी कॉलेजच्या पोरांना मागे टाकून मी पहिली आले. काकांनी खडू उचलला आणि विचारलं, “तुझ्या भावाचं नाव काय गं?” मी म्हटलं, “भावाचं कशाला? खेळले तं मी.” “पोरीचं नाव लिवलं तं पोरं येणार न्हाईत इथं. भावाचं सांग, न्हाईतर ऱ्हाऊ दे.” पोरं हसली. “मंग ऱ्हाऊ द्या तुमचा खडू,” म्हणत मी दप्तरातून कर्कटक काढलं आणि सगळ्या नावांच्या वर माझं नाव पत्र्यात कोरायला लागले. करकर आवाजाने माझेच दात आंबले, काका “पत्रा खराब करून राह्यली ही!” म्हणून ओरडत राहिले, पण शेवटच्या अक्षरापर्यंत माझा हात थांबला नाही. आज मी पुण्यात गेम बनवते. आमचा नवा गेम विकणारी कंपनी परवा म्हणाली, बनवणाऱ्यांच्या यादीत फक्त आमच्या साहेबांचं नाव येईल. येऊ दे. त्या गेमच्या पहिल्याच गल्लीत एक पत्र्याचं दुकान आहे, आणि त्याच्या भिंतीवर माझं नाव मी आधीच कोरून ठेवलंय.