ट्रायलची वरात

कोपरगावातल्या एका बँडमालकाने नव्या क्लॅरिनेटवाल्याला फसवलं आणि मलाही. मी मांडववाला. लग्नाचा बँडही मीच ठरवतो. घासाघीस करतो, पण प्रत्येक वाजवणाऱ्याचे पैसे मोजून मालकाच्या हातात देतो.

तो माणूस बीडकडून पोट भरायला आला होता. वरातीआधी माझ्या टेम्पोला टेकला होता, पण स्वस्थ नव्हता. क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती जिभेवर भिजवायचा, फळीवर बोटं नाचवायचा आणि सारखा मालकाकडे बघायचा.

"लागला का कायमचे, पाहुणं?" मी विचारलं.

"न्हाई शेठ, ट्रायल हाय. फुकटच."

"मागच्या वरातीलाबी तुमीच हुता की!"

"ती बी ट्रायलच." तो हसला. "पर शेठ, ट्रायलला फुंक कमी लागती व्हय?"

वरातीत मानेच्या शिरा फुगेपर्यंत तो वाजवत होता. नवरदेवाच्या मामाने या क्लॅरिनेटवाल्यावरून ओवाळलेल्या नोटा मालकाने खिशात घातल्या.

पुढच्या लग्नात त्याच्या जागी दुसराच ट्रायलवाला उभा होता. मी मालकाची कॉलर धरली. तो म्हणाला, "कलाकार पारखून घ्यावा लागतो."

मग मालका, इतके पारखलेस, त्यातला कामावर ठेवलेला एक तरी दाखव. भर बाजारात, माझ्यासमोर उभा कर.