जबडा, सिनेमा आणि माझं आभारप्रदर्शन

साठ सालानंतरची गोष्ट. मी शिरूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. नोकरी कच्ची होती, कायम होण्याचा कागद संस्थेच्या अध्यक्षांकडे सहीसाठी पडलेला. दौंडला वडील अंथरुणाला खिळलेले, दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या, आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी जशी वागले त्याला नावं ठेवताना जरा दमानं घ्याल.

शाळेतल्या एका खोलीवर ‘संग्रहालय’ अशी पाटी होती. आत काचेची दोन कपाटं. त्यांत घोडनदीच्या काठाला सापडलेली, दगड झालेली हाडं आणि फार प्राचीन अशा एका हत्तीचा जबडा. पुण्याच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक दर हिवाळ्यात तो बघायला येत. माझी ओळख ‘आमच्या सहकारी’ अशी करून देत, आणि मी दिवसभर फुगून फिरे.

एका फिरत्या व्याख्यात्यांनी त्या खोलीत सिनेमा दाखवायची परवानगी मागितली. उत्क्रांती ही निव्वळ थाप, प्राणी पहिल्या दिवसापासून आहेत तसेच आहेत, असं सांगणारा सिनेमा. परवानगी मिळालीही. प्राध्यापक भडकले. सिनेमा बाहेर कुठंही दाखवा, पण संग्रहालयात दाखवलात तर लोकांना वाटेल की संग्रहालयच हे खरं मानतं, असं पत्र त्यांनी संस्थेला लिहिलं. खाली त्यांची सही, त्यांच्या कॉलेजातल्या दोघांच्या सह्या, आणि चौथी माझी. मी ती मोठ्या ऐटीत केली. ऐट संध्याकाळपर्यंत टिकली. मग सहीसाठी पडलेला माझा कागद आठवला.

अध्यक्ष गावातले मोठे बागाईतदार, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. पत्र टेबलावरच होतं.

“बाई, पडदा लावाया जागा दिली, म्हंजी काय आम्ही साक्ष दिली व्हय?”

“नाही, आप्पा.”

“मग ही सही कुणाची हाय?”

“माझीच.”

“बरं. शनिवारी आभार तुम्हीच माना.”

एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. खोली गच्च भरली. प्राध्यापकही येऊन मागच्या बाकावर बसले. सिनेमा संपल्यावर व्याख्यात्यांनी जबडा मागितला. किल्ली माझ्याकडे होती, मीच कपाट उघडून दिलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर धरला आणि म्हणाले, हा प्रलयात बुडालेला, अगदी आजच्यासारखाच हत्ती. टाळ्या पडल्या.

मग आभारांसाठी मला पुकारलं. ‘संग्रहालयाला हे मत मान्य नाही,’ एवढंच एक वाक्य मी पाठ केलं होतं. समोर पहिल्या खुर्चीत आप्पा. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “आज आपल्या ज्ञानात मोलाची भर पडली.” वर व्याख्याते, आप्पा, चहा करणारे, सतरंज्या लावणारे शिपाईमामा, सगळ्यांचे आभार मानले. कुणालाही विसरले नाही. प्राध्यापक चहा न घेताच एस. टी. स्टँडकडे गेले. मला स्वतःची किळस आली, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

सोमवारी अकरावीला नेमकं उत्क्रांतीचं प्रकरण होतं. फळ्यावर नाव लिहिलं, तोच न्हावऱ्याहून येणारी एक मुलगी उभी राहिली.

“बाई, हे पुस्तकातलं खरं का शनिवारचं?”

“पुस्तकातलं.”

“मग तुम्ही आभार कसं मानलं? आमचं आबा आल्तं शनिवारी. ते म्हनत्यात, बाई म्हनल्या म्हंजी खरंच आसंल.”

ती चेष्टा करत नव्हती, खरोखर विचारत होती. बाहेर व्हरांड्यात हेडमास्तरांच्या वहाणा वाजत होत्या. आता बोललेलं तासाभरात आप्पांपर्यंत जाणार, हे मला ठाऊक होतं. शनिवारीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

“तो जबडा प्रलयातला नाही,” मी म्हणाले. “मला माहीत होतं, तरी मी आभार मानले.”

वहाणांचा आवाज दाराशी थांबला.

“मंग आबांना काय सांगू?” मुलीनं विचारलं.

“हेच सांग. बाई भ्याल्या होत्या म्हणून.”