गेटजवळची खुर्ची

शरदभाऊ बोरकुटे गेले त्याला आता महिना होत आला. त्या सकाळी मी कोर्टात निघायच्या घाईत डबा भरत होते आणि शंकर नगरहून त्यांच्या शेजारणीचा फोन आला. 'दीदी, वकील साहब नहीं रहे.' रोजच्यासारखे ते गेटच्या आत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. कुंदावहिनीनं आतून चहाला हाक मारली, मग परत मारली. उत्तर येईना, तेव्हा तिनं भिंतीवरून शेजारणीला आवाज दिला, की जरा पाहा ना, हे बोलत काहून नाहीत. स्वतः ती गेटपर्यंत गेली नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा सौरभ गेल्यापासून वहिनी त्या गेटपर्यंत जातच नव्हती... हे मला माहीत होतं. का जात नव्हती, ते मात्र कधी विचारलं नव्हतं.

भाऊ आणि मी एकाच कोर्टात, पण आयुष्यभर आमनेसामने. रायपूर राजधानी झालं आणि रस्ते रुंद झाले, सिलतऱ्याला कारखाने वाढले, ट्रक वाढले, आणि त्या ट्रकांखाली येणारी माणसंही वाढली. मेलेल्यांच्या घरच्यांतर्फे भरपाईचे दावे मी लावायची, आणि विमा कंपन्यांच्या वतीनं ते दावे खोडून काढायला भाऊ उभे राहायचे. मी तोंडाची फटकळ, भाऊ थंड डोक्याचे. कोर्टात आम्ही हिंदीत भांडायचो आणि कँटीनमध्ये बसलो की मराठीत. माझे वडील रेल्वेत, त्यांचेही रेल्वेत, दोघांची मुळं विदर्भातली, त्यामुळे भांडणालाही घरची चव होती. 'मेश्राम, तू रडवते जास्त अन् पुरावा देते कमी,' असं ते माझा समोसा तोडता तोडता म्हणायचे. मी म्हणायची, भाऊ, कंपनीचं मीठ खाता ना, मग माझा समोसा तरी सोडा. ते हसून उरलेला अर्धाही उचलायचे.

पण त्यांच्या एका गोष्टीचा मला मनापासून राग होता. साक्षीला आलेली बाई थकलेली दिसली, म्हातारी असली, की उलटतपासणी सुरू करण्याआधी भाऊ कोर्टाची परवानगी घ्यायचे आणि चपराशाला सांगायचे, 'अम्मा के लिए कुर्सी लाओ, भाई.' खुर्ची यायची, बाई टेकायची, तिला वाटायचं हा माणूस आपला आहे. मग अगदी हळू आवाजात, घरच्यासारखी चौकशी करत ते शेवटच्या प्रश्नावर यायचे. मोटरसायकलवर गेलेला पोरगा असला की तो प्रश्न ठरलेला. घरातून निघताना त्याला कोणी पाहिलं होतं? हेल्मेट नव्हतं, तर कोणी टोकलं नाही? बस, एवढंच. आई गेटवर उभी असतेच ना हो! तिनं पाहिलेलं असतंच. ती रडायला लागायची, 'हमने बोला था साहब, नहीं माना,' असं काहीतरी बोलून जायची, आणि थोडी चूक मरणाऱ्याचीही होती एवढं निकालात लिहायला ते पुरायचं. एकदा मी त्यांना व्हरांड्यातच गाठून म्हटलं, भाऊ, त्या बाईला आता जन्मभर तोच प्रश्न ऐकू येईल. ते चष्मा पुसत म्हणाले, 'माह्या कामाचा प्रश्न आहे, रंजना. तिच्या मनातला मी कुठून काढू?' त्या दिवशी मी त्यांच्याशी चहा घेतला नाही.

आणि मग सौरभ गेला. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात नुकता लागलेला गोड पोट्टा. आम्ही मराठीत बोलायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि वहिनी दोन्हीत रागवायची. सकाळच्या पाळीला जाताना भरधाव ट्रकनं मागून उडवलं. डोक्याला मार. पंचनाम्यात लिहिलं होतं की हेल्मेट हँडलला अडकवलेलं, साधा ओरखडाही नाही. दवाखान्याच्या दारात भाऊंनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. इतकी वर्षं त्या माणसाशी भांडले मी, पण त्यांचा हात इतका हलका असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दावा लावायला भाऊ तयार नव्हते. पण वहिनीच्या माहेरचे अडून बसले, ट्रकवाला मोकळा सुटतो काय म्हणाले, आणि वकीलपत्र माझ्याकडे आलं. ट्रकचा विमा नेमका त्या कंपनीचा निघाला, जिची कामं भाऊंनी आयुष्यभर केली होती. त्यांनी तिच्या सगळ्या फायली त्याच आठवड्यात परत केल्या. मी ठरवलं होतं की साक्षीला वहिनीला उभं करायचं. एक तर आई, त्यात सौरभला निघताना पाहणारं तिच्याशिवाय कोण असणार? भाऊंनी ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, 'कुंदा येणार नाही. साक्ष मी देईन.' मी खूप बोलले. तुम्हाला काय अख्ख्या जगाला कायदा शिकवायची हौस आहे का, इथे आईचं बोलणं पाहिजे, वकिलाचं नाही... ते एवढंच म्हणाले, 'ती कोर्टाची पायरी चढणार नाही, रंजना. हे पक्कं समज.' मला तो त्यांचा हेका वाटला. वकिलाचा माज वाटला, खरं सांगते.

साक्षीच्या दिवशी समोरचा वकील त्यांच्यापुढे पोर होता, त्यांचेच युक्तिवाद ऐकून शिकलेला. त्यानं आधी खुर्ची मागवली. भाऊ म्हणाले, नको, मी उभा राहतो. त्या पोराला पुढचं विचारवत नव्हतं, पण काम होतं, त्यानं विचारलं. भाऊंचाच प्रश्न, भाऊंच्याच शब्दांत. घरातून निघताना मुलाला कोणी पाहिलं होतं? भाऊंनी मान वर केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, 'मैंने देखा था. मैं गेट पर खड़ा था. हेल्मेट हैंडल पर था, मैंने टोका नहीं.' आणि घरात आणखी कोणी पाहिलं होतं का? 'नहीं. पत्नी सो रही थी.'

 निकालात थोडी चूक सौरभचीही ठरली, ती ठरणारच होती. पण त्यानंतर बाररूममध्ये जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. जगाच्या आयांना विचारत होता, अन् स्वतःच्या पोराला टोकता नाही आलं बुढ्याला! तोंडावर कोणी बोलायचं नाही, पण भाऊ आत आले की बोलणं थांबायचं, आणि ते मुकाट्यानं आपला कोट खुंटीला लावायचे. मी तर चिडलेच होते. म्हटलं, तुमचीच माणसं आता तुमच्यावर हसतात, इतकं खरं बोलायची काय गरज होती? तर म्हणाले, 'शपथेवर विचारलं की सांगाच लागते, बाई.' नंतर दुसऱ्या कंपन्यांची कामं ते करत राहिले. खुर्ची मागवणं सुटलं नाही. तो प्रश्न मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून निघाला नाही. सकाळचं तेलीबांधा तळ्यावरचं फिरणंही त्यांनी बंद केलं. त्याऐवजी गेटच्या आत खुर्ची टाकून बसायचे आणि गल्लीतला कोणी पोरगा गाडीवर उघड्या डोक्यानं निघाला की पेपर खाली करून हाक मारायचे. पोरं वैतागायची, पण हेल्मेट घालायची.

मागच्या रविवारी मी वहिनीकडे गेले. तिनं चहा केला, आम्ही बसलो. बोलता बोलता मी म्हटलं, भाऊंनी स्वतःला फार शिक्षा करून घेतली, वहिनी. त्या सकाळी गेटवर उभं राहून टोकलं नाही, एवढ्याशा गोष्टीची माणसानं किती वर्षं...

वहिनीनं कप खाली ठेवला. 'कोण उभं होतं गेटवर?'

मी साक्षीत झालेलं सगळं सांगितलं. त्या घरात साक्षीबद्दल कधी कोणी बोललं नव्हतं, आणि ती कोर्टात आली नव्हती. 

'हे तर तळ्यावर गेले होते फिराले,' ती म्हणाली. 'गेटवर मी होती, रंजना. केस ओले होते त्याचे. म्या म्हटलं हेल्मेट घाल, तर म्हणे, हव मम्मी, आगे पहन लूँगा. म्या म्हटलं, बरं. म्याच ते हँडलले अडकवून देल्लं.'

मग म्हणाली, 'तेरवीच्या दिवशी ह्यायले हे सारं सांगतलं होतं मी. हे एक शब्द बोलले नाही, उठून गेले. मले वाटे, ह्यायनं मले माफ नाही केलं... इतके वर्षं मले तेच वाटत होतं.'

मी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांना जो प्रश्न विचारला, तो आपल्या बायकोपर्यंत पोचू नये म्हणून तो माणूस शपथेवर खोटं बोलला, आणि जगाचं हसणं अंगावर घेऊन गप्प राहिला. पण भाऊ, तिला एकदा सांगायचं तरी होतं हो. एका वाक्याचं काम होतं. तेवढं कसं जमलं नाही तुम्हाला?

निघताना मी स्कूटी बाहेर काढली. वहिनी नेहमीसारखी दारातूनच निरोप देईल असं धरून मी वळलेच नाही. चप्पल वाजली म्हणून मागे पाहिलं, तर ती पायऱ्या उतरून हळूहळू येत होती. गेटजवळची भाऊंची खुर्ची कोणी हलवली नव्हती. वहिनी त्या खुर्चीमागे येऊन थांबली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

'घाल आधी,' ती म्हणाली. 'मी पाहून राहिली.'

मी हेल्मेट घातलं, पट्टा लावला. गल्लीच्या वळणावर पाहिलं, तर ती त्या खुर्चीत बसली होती.