चुकलं रं बाळा, परत बग!

माझ्या सासऱ्यांनी साठीनंतर एकच परीक्षा दिली. ती मी काढली होती आणि तिच्यात मी त्यांना तीनदा नापास केलं.

मी सोलापूरकडचा, राहायला मारुंजीत, नोकरी कॉम्प्युटरवरची. सासुरवाडी मुळशीची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मामांना (म्हणजे सासऱ्यांना) माझं काम काही उमगलं नव्हतं. एसटीच्या थांब्यावर कुणी विचारलं, "जावई काय करत्यात?" की ते प्रामाणिकपणे सांगायचे, "बसत्यात."

हे मला फार लागलं होतं! म्हणून सुट्टीच्या दिवशी मामांच्या गावच्या शाळेसाठी टॅबवरचे खेळ बनवायला घेतले. चित्रं लावा, शब्द जोडा, असले.

"मामा, हे ओपन सोर्स आहे. कुणीही फुकट वापरायचं, चुकलं असेल तर कुणीही दुरुस्त करायचं."

"पर चुकंल कशाला?" मामांनी विचारलं.

या प्रश्नाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

पहिला खेळ होता 'भाताची गोष्ट'. चार फोटो क्रमानं लावायचे. पेरणी, लावणी, कापणी आणि चौथ्यात जमिनीवर पालापाचोळा जळतोय. मी डोकं चालवलं. पीक निघालं, कचरा जाळला, म्हणजे आग शेवटी! (आमच्याकडं ज्वारी. भात मी फक्त ताटात बघितलेला.)

"अहो, एकदा आबांना दाखवा तरी," बायको म्हणाली. (माझे मामा, तिचे आणि गावाचे आबा.)

"अगं, त्यांना सरप्राइज द्यायचंय!"

मात्र आवाज गावचाच हवा, म्हणून मामांकडून दोन वाक्यं बोलून घेतली. बरोबर आलं तर "शाब्बास रं वाघा!" आणि चुकलं तर "चुकलं रं बाळा, परत बग!" दुसरं तर त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की मला स्वतःला चुकावंसं वाटलं.

शाळेत बाईंनी टॅब मोठ्या पडद्याला जोडला. "मुलांना जमलं तर सोमवारपासून वर्गात घेऊ," त्या म्हणाल्या. पालक जमले. मामा इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत. येताना ते वाटेत दहा जणांना सांगून आले होते, "आमच्या जावयानं केलंय!" माझी छाती शर्टात मावेना.

तिसरीतली एक मुलगी उठली. तिनं आग उचलली ती थेट पहिल्या नंबरावर ठेवली.

"चुकलं रं बाळा, परत बग!"

दुसरं पोरगं आलं, तिसरं आलं. सगळ्यांची आग पहिली! सगळ्यांना मामा प्रेमानं चूक ठरवतायत!

"आरं, पोरं बरुबर लावत्यात की!" मामा उठले. "सरका, मी लावतो."

त्यांनी आग पहिली ठेवली.

"चुकलं रं बाळा, परत बग!"

मामा थबकले. "कोन बोललं?"

"आबा, तुमीच!" अख्खी शाळा ओरडली.

"मी मलाच बाळा कशाला म्हनीन?" त्यांनी पुन्हा लावलं, या वेळी काचेवर अंगठा दाबून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच! मग मात्र मामा पडद्याकडं बोट रोखून गरजले, "तुजं चुकलं! पन्नास वर्सं भात लावतुया मी!" मामा मामांशी भांडत होते आणि दोघांतलं कुणी माघार घेईना.

शेवटी ते माझ्याकडं वळले. "जावईबापू, राब भाजल्याबिगर पेरनी करत्यात व्हय?"

त्या तिसरीतल्या मुलीनंच मला समजावलं. "सर, आधी शेण-पाला जाळून राब भाजायचा. मंग त्यात पेरायचं. मंग रोपं उपटून खाचरात लावायची." वर्गात हे एकट्या मलाच माहीत नव्हतं! लाजेनं माझे कान तापले.

"ओपन सोर्स आहे... दुरुस्त होतं," मी पुटपुटलो.

"मग करा की!"

केलं, तिथंच. मामांनी परत लावलं.

"शाब्बास रं वाघा!"

"आता कसं बोललास!" मामांनी पडद्याला दाद दिली. बाई म्हणाल्या, "घेऊ सोमवारपासून." माझा जीव भांड्यात पडला.

निघताना मामा म्हणाले, "शिकायचं आसंल तर लावनीला या."

गेलो. पहिल्याच खाचरात पाय सरकला आणि मी कमरेपर्यंत चिखलात बसलो. शाळेच्या बाईही लावणीला आल्या होत्या, शेजारच्याच खाचरात. त्यांनी फोटो काढला, आणि ओपन सोर्स म्हणजे 'कुणीही बदलायचं' हे त्यांना आता पक्कं कळलं होतं! त्यांनी माझाच खेळ बदलून नवा बनवला: 'चित्रातली चूक ओळखा'. सगळे वाकून रोपं लावतायत, मधोमध मी. पोरं माझ्यावर बोट ठेवतात आणि मामा ओरडतात, "शाब्बास रं वाघा!" फुकटचा खेळ, बऱ्याच शाळांत पोचलाय. एकही मूल चुकत नाही.

मामा तो थांब्यावर सगळ्यांना मोबाईलवर दाखवतात.

"बगा, मी काय म्हनत हुतो? बसत्यात!"