फिरता ग्लास

सेनेन सिद्रा ओतू लागला की नवखी माणसं जेवायची विसरून बघत राहायची. उजव्या हातातली बाटली डोक्याच्या वर, डाव्या हातातला ग्लास मांडीपाशी आणि नजर भलतीकडेच. सफरचंदाच्या त्या दारूची धार तरीही ग्लासाच्या काठावर बरोबर आपटून फेसाळायची. अख्ख्या टेबलाला ग्लास एकच. घोटभर मिळते, ती एका दमात प्यायची, शेवटच्या थेंबांनी आपले ओठ लागलेली कड धुवायची आणि ग्लास पुढे द्यायचा. ग्लास हातात धरून गप्पा हाणणाऱ्याला स्पेनच्या उत्तरेकडल्या आमच्या अस्तुरियासमध्ये कोणी दुसऱ्यांदा बोलवत नाही.

आघाडी जन्मली ती सेनेनच्या याच खानावळीत. गॅलिसिया, कांताब्रिया, लेओन आणि आमचा, असे चार प्रांतांचे चार चिमुकले पक्ष. युरोपच्या संसदेत एकट्याने जाण्याची ऐपत एकाचीही नव्हती आणि एकत्र बसले की चौघांची तोंडं चार दिशांना. दुपारभर वाद झाला, निवडून आलीच तर एक जागा येणार, मग तिथे बसायचं कोणी?

"ग्लासासारखं करा की," ओतता ओतता सेनेन म्हणाला. "आपली पाळी झाली की पुढे द्यायचा."

सगळ्यांनी टेबल बडवलं. आमच्या पक्षाला चौथ्या, शेवटच्या पाळीसाठी माणूस मिळेना, म्हणून सेनेनचंच नाव टाकलं. नाव द्यायला काय जातं, असं त्यालाही वाटलं. आणि जागा आली!

मग गडी हादरलाच. कोट शिवून घेतला आणि एक भाषण तयार केलं. लहानपणी वर्गात स्पॅनिशऐवजी घरची भाषा बोलला म्हणून मास्तरांनी त्याला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं होतं. तीच भाषा त्याला त्या मोठ्या सभागृहात, माइकवर बोलायची होती. बायको ओल्विदो भांडी घासायची आणि हा तिच्यापुढे पाठ म्हणायचा.

गॅलिसियाच्या वकिलाने पाळी संपवली, जागा सोडली. कांताब्रियाच्या बाईंनीही सोडली. तिसरे लेओनचे डॉक्टर वालेरियानो, गुरांचे डॉक्टर. ते काही उठेनात. म्हणे कामं अर्धवट आहेत. वर्तमानपत्रांतून एकमेकांची उणीदुणी निघाली, आघाडी मोडली आणि डॉक्टर मुदत संपेपर्यंत चिकटून राहिले. सेनेनला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. कोट कपाटात गेला.

पुढच्या हंगामात घरच्या बागेतली सफरचंदं वेचायला माणसं कमी पडली, तेव्हा ओल्विदोने तिघांनाही फोन केला. "भांडायचंय ना? इथे येऊन भांडा. येताना जुने कपडे आणा."

तिघंही आले. डॉक्टरसुद्धा. सकाळभर बागेत कंबर मोडून वेचलं आणि दुपारी घेवड्याची रस्सेदार उसळ, डुकराचे सॉसेज घेऊन टेबलाशी बसले. सेनेनने बाटली उचलली. पहिला ग्लास पाहुणचाराच्या रिवाजाने डॉक्टरांना दिला. डॉक्टर ग्लास हातात धरून ब्रुसेल्सच्या गोष्टी सांगू लागले. फेस विरला. सगळे वाट बघतायत.

"अहो डॉक्टर," ओल्विदो स्वयंपाकघरातून ओरडली, "ती खुर्ची नव्हे, ग्लास आहे! सोडा आता!"

हसून हसून वकिलाला ठसका लागला. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी घोट घेतला, कड धुतली आणि ग्लास पुढे केला.

"चुकलं माझं, सेनेन," ते म्हणाले. "पण खरं सांगू? तुझ्या भाषेला तिथे दुभाष्याच नाही. माइक बंद केला असता त्यांनी."

"ठाऊक होतं मला," सेनेन म्हणाला. "तरी बोललो असतो."

"मग आता बोल ना."

सेनेनने ॲप्रनला हात पुसले. ओल्विदो दारात येऊन उभी राहिली.

"माझं नाव सेनेन. ही भाषा बोललो म्हणून मला कोपऱ्यात उभं केलं होतं. मी आता कोपऱ्यातून बाहेर आलोय. एवढंच."

शेजारपाजारच्याच भाषा, इथे कोणालाच दुभाष्या लागला नाही. कांताब्रियाच्या बाईंनी सरळ डोळे पुसले.

"एवढंच?" ओल्विदो म्हणाली. "आणि एवढ्यासाठी कोट शिवलास?"

"तुझ्या भाचीच्या लग्नात घालीन."

तेवढ्यात डॉक्टरांनी टेबलावरची बाटली स्वतःच उचलली. आयुष्यभर दुसऱ्यांना ओतलं, सेनेनला कधी कोणी ओतलं नव्हतं. डॉक्टरांनी हात उंच केला, नेम धरला आणि निम्मी सिद्रा स्वतःच्या बुटांवर सांडली. उरलेली सेनेन एका दमात प्यायला, कड धुतली आणि ग्लास बाईंच्या हातात दिला.