पुढचं डावं चाक

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवी होती, त्यांना तर नाहीच. तुम्ही माझे कोण? ओळखही नाही आपली. म्हणूनच कदाचित तुमच्यासमोर तोंड उघडायला जमतंय. तरी एक सांगून ठेवतो, मी सरळ मुद्द्यावर येणार नाही. अकरा वर्षं ज्याला वळसा घालत आलो, तिथं एका दमात कसा पोहोचणार?

गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत मला 'हाफ मिस्त्री' म्हणतात. नोकरी सरकारी कचेरीतली, टेबलावर फायली. पण महिन्यातून एका रविवारी सकाळी कॉलनीच्या फाटकाजवळ माझी शाळा भरते. शेजारपाजारची माणसं आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि मी त्यांना चाक बदलायला शिकवतो, बॅटरीची टोकं साफ करायला शिकवतो, ऑइलची पट्टी पुसून परत बुडवून पाहायला शिकवतो. मास्तर म्हणून मी भारी खडूस आहे. गाडी सपाट, घट्ट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, जे चाक काढणार त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा – मग बोला. नट आधी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, पाय नाही, 'जरासं डोकावून बघतो' असं तर मुळीच नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारून ठेवा. जॅक सरकलाच तर गाडी त्या चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला मी पुन्हा शाळेत घेत नाही.

आणि नट. आधी हातानं फिरवून बसवायचे, मग गाडी खाली, मग पान्यानं आवळायचे – एकाशेजारी एक नाही, समोरासमोरचे. पन्नासेक किलोमीटर चालवलं की थांबून परत एकदा. मी एकेक नट तीनदा तपासतो म्हणून लोक हसतात. हसता हसता कौतुकही करतात. सावधपणा शिकावा तर यांच्याकडून, म्हणतात. मी ते कौतुक घेतो. हा सावधपणा माझ्यात आला कुठून, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का मी? नसतं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्यात तो नव्हता. तेव्हा मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस होतो. मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले, पान्यांचा एक संच आणला आणि घरात जाहीर केलं, की यापुढे बारीकसारीक कामांसाठी गॅरेज बंद. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत साळवे मिस्त्रींचं गॅरेज होतं, अजून आहे. वयानं माझ्यापेक्षा मोठे. तरी मी त्यांना तेव्हा 'अरे साळवे' म्हणायचो आणि ते मला 'साहेब' म्हणायचे. यात काही वावगं आहे असं मला वाटतही नसे.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांची अदलाबदल करायला घेतली. टायर सारखे झिजतात म्हणे त्यानं. तीन चाकं झाली. चौथं, पुढचं डावं, बसवलं, नट बोटांनी फिरवले, जॅक खाली घेतला. फक्त पान्यानं आवळायचं राहिलं होतं. तेवढ्यात आतून हाक आली. खंडेनवमीला आमच्यात घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. विळी, कोयता, कात्री, आणि आता माझे पानेही. हळदीकुंकू वाहतात, झेंडू ठेवतात. आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी उचलत नाही. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या, त्या पाटापाशी बसून होत्या. बायकोनं दुसऱ्यांदा हाक मारली, जरा वरच्या आवाजात. मी पाना फडक्यानं पुसला आणि नेऊन दिला. म्हटलं, उद्या पूजा उरकली की आवळू.

उद्या दसरा. मेहुणे रामभाऊ आईला न्यायला पाचोडहून एसटीनं आले. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आपट्याची पानं वाटली, श्रीखंडपुरी झाली. पाटावरचा पाना मी कुंकवासकट उचलला आणि थेट डिकीत टाकला. आणि विसरलो. दुपार कलताना मीच रामभाऊंना म्हणालो, गाडी घेऊन जा, आईंना एसटीचे धक्के नकोत.

संध्याकाळी फोन आला.

आडूळच्या पुढं गतिरोधक आला म्हणून रामभाऊंनी वेग कमी केला होता. तो होता म्हणून – मी आजही तिथून जाताना त्या गतिरोधकाला मनात हात जोडतो. गतिरोधकावर आपटून गाडी खाली उतरली आणि पुढचं डावं चाक निखळून मोसंबीच्या बागेत गेलं. गाडी त्या अंगावर बसली, घासत कडेला गेली. रामभाऊंच्या कपाळाला टाके पडले. सासूबाईंचं डावं मनगट मोडलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोघांना दवाखान्यात पोहोचवलं आणि नाव न सांगता तो निघून गेला. मागून ट्रक असता तर? समोरून बस असती तर? मी हे प्रश्न इतक्या वेळा विचारलेत, की आता ते प्रार्थनेसारखे येतात. दोघं वाचली. बाकी काही बोलण्याआधी मला हे म्हणायचंच असतं, की दोघं वाचली.

दवाखान्यात रामभाऊंनी मला विचारलं, "दाजी, गाडी कोणाकडं दाखवली व्हती?"

मी म्हणालो, आठ दिवसांपूर्वी साळवेकडं होती.

खोटं आहे का यात काही? अक्षरही नाही. आठ दिवसांपूर्वी साळवेंनी ऑइल बदललं होतं, इंजिनाचा पट्टा ताणून दिला होता. मी फक्त एवढंच खरं बोललो, की खोट्याचं काम झालं.

दोन दिवसांनी रामभाऊ कपाळाला पट्टी बांधून गॅरेजवर आले, गावाकडची दोन माणसं घेऊन. मी सोबत होतो. गाडी ओढून तिथंच आणलेली. साळवेंना काही माहीत नव्हतं. दसऱ्याला त्यांचं गॅरेज बंद असतं, ते घरच्यांसोबत बुद्धलेणीवर जातात. रामभाऊ ओरडत होते आणि साळवे गाडीभोवती फिरत होते. त्यांनी चाकाचे आटे पाहिले, बोटानं चाचपले. मग डिकी उघडून पाना काढला. त्यावर वाळलेलं कुंकू होतं. तो हातात धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग रामभाऊंना म्हणाले, "म्या चाक खोललंच नाय, पाटील. साहेबांना इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. आणि मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

त्यानंतर रामभाऊ जे बोलले त्यात साळवेंची जात होती. ते शब्द मी इथं लिहीत नाही. पण ते माझ्यासमोर बोलले गेले, माझ्यामुळं बोलले गेले, आणि मी पायाखालची माती बघत उभा राहिलो. पाचोडकडच्या पाहुण्यांच्या गाड्या त्या दिवसापासून साळवेंकडे यायच्या बंद झाल्या. 'माणसं मारंल तो मिस्त्री', असं लग्नकार्यात बोललेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ऐकून पुढचा घास घेतला आहे.

आता एक जागा दुरुस्त करायची आहे. वर मी लिहिलं, 'आणि विसरलो'. ते लिहून पुढे गेलो खरा, पण हात अडखळला होता. दसऱ्याच्या दुपारपर्यंत मी विसरलो होतो, हे खरं. रामभाऊंनी किल्ली फिरवली – तेव्हा मला आठवलं. स्पष्ट आठवलं. डावं चाक, पाना, राहिलेले नट. थांबा, म्हणायला किती वेळ लागतो? पण फाटकाशी सगळी कॉलनी सोनं द्यायला जमलेली. आणि रामभाऊंची सवय मला ठाऊक होती. माझे पाने पाहून ते आधीच म्हणाले होते, "दाजी, ही फाईल नव्हं, गाडी हाय." आता त्यांना उतरवून, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून मी नट आवळणार? मी मनाशी म्हटलं, बोटांनी चांगले घट्ट फिरवलेत, पाचोडपर्यंत काय होतंय. आणि हात हलवून निरोप दिला. गाडीत एक म्हातारी बाई होती, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली. तीही हात हलवत होती.

त्याच बाईनं पुढे महिनाभर सगळ्यांना सांगितलं, की जावई लेकावाणी धावला. मी खरंच धावलो होतो. दवाखान्यात रोज डबा नेत होतो, पट्टी बदलून आणत होतो. ती माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवायची, कारण डावा प्लास्टरमध्ये होता.

महिन्याभरानं मी साळवेंकडं गेलो. कबूल करायला गेलो होतो, असं म्हणायला मला आवडेल. पण गाडीचा हँडब्रेक धरत नव्हता आणि दुसऱ्या कुणाकडं जाऊन चाकाची हकीकत सांगायची मला लाज वाटत होती. ते मला हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी काम केलं. मग माझ्या डिकीतला पाना काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "या साहेब. बसा खाली. नीट शिका एकदा."

एवढंच. पुढं कितीतरी रविवार मी त्या गॅरेजात उकिडवा बसलो. जॅक कुठं लावायचा, नट आवळताना अंगाचा भार कसा द्यायचा, कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं जन्मात करायचं नाही. ब्रेकला हात लावू नका, ते आमचं काम, असं त्यांनी बजावून सांगितलं. फाटकाजवळ मी जे शिकवतो, त्यातला शब्दन् शब्द त्यांचा आहे. त्या दसऱ्याबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. मी त्यांना 'अहो' म्हणायला लागलो, तेवढाच काय तो माझा पराक्रम. कुणी कुणाला इतकं द्यावं का, असं मला वाटतं. माझ्या घरच्यांनी त्यांची रोजी तोडली, आणि त्यांनी माझ्या घरच्यांचा जीव सांभाळायला मला शिकवलं. या उपकाराला काय नाव आहे, मला माहीत नाही. रोज गाडी सुरू करताना मी तो आठवतो.

इथं संपलं असतं, तर बरं होतं. पण गेल्या वर्षी माझी मुलगी कल्याणी नोकरीला पुण्याला निघाली, गाडी घेऊन. मी तिला साळवेकाकांकडं नेलं. माझ्याकडून शिकण्यापेक्षा मूळ मास्तरांकडूनच शिकू दे. त्यांनी तिच्याकडून चारही चाकं काढून घेतली, बसवून घेतली. अपघाताच्या वेळी ती लहान होती, आजीची गाडी घसरली एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं. तिनं सहज विचारलं, "काका, खरंच निघतं का हो चाक? कधी झालंय असं?"

मी शेजारीच उभा होतो. साळवेंनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"एकदा झालं व्हतं, बाई," ते म्हणाले. "माझ्याच हातनं ऱ्हायलं व्हतं आवळायचं. लई वर्सं झाली."

रामभाऊंसमोर, शिव्या खातानाही, जे त्यांनी स्वतःवर घेतलं नव्हतं, ते त्यांनी माझ्या मुलीसमोर घेतलं. कुणासाठी, हे कळायला मला एक क्षणही लागला नाही. आता तरी बोलायचं होतं. तिथं ओरडणारं कुणी नव्हतं, गर्दी नव्हती. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "पप्पा, तुम्हाला माहिती होतं?" आणि मी होकारार्थी मान हलवली.

कल्याणी आता पुण्यात ही गोष्ट मैत्रिणींना सांगते. आमचे साळवेकाका इतके सच्चे, की स्वतःची चूक शिकवताना सांगतात. फोनवर मलाही एकदा सांगितली. मी ऐकून घेतली.

तुमच्यासारख्या अनोळखी माणसासाठी म्हणून लिहायला घेतलेले हे कागद मी आज तिलाच पाठवतो आहे. पाचोडला रामभाऊंना आणि सासूबाईंनाही. थंडीत त्यांचं मनगट अजून ठणकतं. ज्या ज्या घरात त्या मिस्त्रीबद्दल बोललं गेलं, त्या प्रत्येक घरात एकेक प्रत जाईल. एक क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, ती मी स्वतः नेऊन देणार आहे.

त्या चाकाला साळवेंनी हात लावला नव्हता. नट मी सैल ठेवले होते. गाडी निघताना मला ते आठवलं होतं, आणि मी बोललो नाही.